कडं

चैत्रात चोपड्याला बाहेर पंचेचाळीस,
आणि इन्क्युबेटरला हवे असतात सदतीस.
म्हणून कूलरचं तोंड माणसांकडून वळवून
मी त्याच्याकडे करते.
रिपोर्टसाठी बसलेले लोक कुरकुरतात.
आत मेंढीच्या रक्ताची लाल बशी,
बशीवर कोकिळाबाई बाविस्कर,
वय चोवीस, आठवडा छत्तिसावा.

पहिलं बाळ अठरा तास होतं.
रडलं कमी, कण्हलं जास्त,
दर श्वासाला, ओझं उचलताना बाई कण्हते तसं.
थानाला लागलंच नाही.
कुणी म्हणालं, ग्रहणात विळीवर बसली होती.
कुणी म्हणालं, भर दुपारी तापी ओलांडली.
कुणी काहीच म्हणालं नाही, नुसतं तिच्याकडे बघितलं.
या खेपेला जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी
जुना कागद दोनदा वाचला
आणि चिठ्ठीवर लिहिलं : स्वॅब, कल्चर.

कल्चर हा शब्द इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
टिश्यू कल्चरचं रोप, तपासलेलं, निरोगी,
दर एवढा, आगाऊ एवढे.
पिलाबरोबर आईचा रोग येतो,
हे तिच्या सासऱ्यांनीच मला समजावलं,
काउंटरवर कोपर टेकून.
मग म्हणाले, "पन बाईले कसाले?"
मी म्हटलं, त्याचसाठी, काका.

दुसऱ्या दिवशी बशी उजेडात धरली.
करडे, बारके, ओलसर ठिपके
आणि प्रत्येकाभोवती रक्त विरून
झालेलं एक निरुंद कडं,
पलीकडची खिडकी दिसेल इतकं स्वच्छ.
सुंदर दिसतं.
हे मी कुणाला सांगत नाही.

ती म्हणाली, "मन्हा काय दोष शे यामा?"
मी पाठ झालेलं सांगितलं :
हा आजार नाही, बाई, वस्ती आहे.
आतड्यात असते, खाली उतरते,
कधी असते, कधी नसते.
नवऱ्यामुळे नाही, अस्वच्छतेमुळे नाही, ग्रहणामुळे तर नाहीच.
कळा सुरू झाल्या की सलाईनमधून पेनिसिलिन,
बाळ यायच्या आधी चार तास तरी.
म्हणून घरी थांबायचं नाही, लगेच निघायचं.
ती मान हलवत होती,
आणि उठताना पदराने बाकडं पुसत होती,
जिथे ती बसली होती तेवढंच.

त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून
उरलेल्या बशीवर मी माझाच स्वॅब फिरवला.
नाव टाकलं नाही.
दोन दिवसांनी, तेच कडं.
माझा लोकेश आता एकोणीस वर्षांचा,
वखारीत केळीचे घड तोलतो.
तो झाला तेव्हा हे माझ्यात होतं की नव्हतं
कुणी पाहिलं नाही.
पहिल्या तासातच तो बोंबलत थानाला लागला
आणि सगळे म्हणाले, हिचं पुण्य.
एकोणीस वर्षं ते पुण्य
मी माझ्याच नावावर ठेवलं होतं.

छापील रिपोर्ट न्यायला ती आली तेव्हा सांगितलं तिला.
हसली नाही.
माझ्या रबरी हातमोज्यावर तिने हात ठेवला,
बराच वेळ,
बाहेर कुणीतरी शुगरचा रिपोर्ट मागत होतं.

कळा रात्री अकराला सुरू झाल्या,
बाळ पहाटे साडेचारला.
मधले तास मी मोजले वगैरे नाहीत.
मला कुणी कळवलंच नव्हतं. मी झोपले होते.

आठव्या दिवशी सासूबाई आल्या,
कागदात गूळ-खोबरं.
"आंडेर व्हयनी," म्हणाल्या, "गच्च पेते."
मग जरा ओशाळून :
पाचवीच्या रात्री घरात कोरा कागद सापडेना,
तर तुमचा रिपोर्टच पालथा घातला पाटावर,
वर पेन ठेवला.
सटवाईला चाललं असेल ना, ताई?
मागची शाई उमटते हो त्या कागदाला.

उमटते, मी म्हटलं.
वाचून मगच लिहिलं असेल तिने.