एकविसावा दिवस

सहा-चाळीसची फेरी पकडली
की रायबंदरच्या दवाखान्यात माझा दुसरा नंबर लागतो.
सिस्टर इनासिना बाटली तळव्यात घोळवते.
आत खडू विरघळल्यासारखं पांढरं.
"बेगीन," म्हणते, "ना जाल्यार सुयेंतच बसतलें."
मागच्या खेपेला उजवा, आज डावा.
कार्डावर सही. मग अर्धा तास बाकावर,
एका कुशीवर तिरकं बसून.
दोनशे त्र्याऐंशी.
मी मोजते. ती मोजत नाही.

अकरा वर्षांची होते, घसा धरला, एवढंच.
चवथीची धांदल, कुणाचं लक्ष नव्हतं.
मग गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा.
घर पसंत न पडलेल्या भाडेकरूसारखं
सांध्यासांध्यातून हिंडत
दुखणं शेवटी काळजात राहिलं.

डॉक्टर म्हणाले, झडप नीट मिटत नाही.
बाबांनी ऐकलं : मानस.
त्यांच्या ओळखीची तेवढीच झडप,
चोडणच्या बांधातली लाकडी दारं,
भरतीला मिटणारी, ओहोटीला आपसूक उघडणारी.
फळी किडली की खारं पाणी शेतात
आणि मग कोरगुटसुद्धा धरत नाही.
"फळी बदलता येते ना?" मी विचारलं.
"येते," म्हणाले. "त्याआधी चिखल थापत राहायचं. दर उधाणाला."
पुन्हा कधी बोलले नाहीत त्याबद्दल.
कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल काढत राहिले.

दोनदा चुकवलं मी, लागोपाठ.
मुलगा बघायला येणार होता,
लंगडत पोह्यांचा ट्रे कसा न्यायचा.
(म्हापशाचा होता. नंतर कळवतो म्हणाले. ते जाऊ दे.)
पुढच्या महिन्यात ताप,
आणि फेरीच्या उतारावर थांबावंच लागलं.
स्कूटरी बाजूने खाली गेल्या.
मांडवी अगदी संथ होती,
छातीत कुणीतरी दार आपटत होतं.

लोक विचारतात, एवढी वर्षं टोचून घेतेस, गुण काय आला?
काय सांगणार.
काही झालं नाही, हाच गुण.
इको झाल्यावर डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणतात,
"आहे तसंच आहे."
हे तीन शब्द मी घरी घेऊन येते,
ताजा चोणक मिळाल्यासारखी, वाटेत कुणाशी न बोलता.

बाबा मार्चमध्ये गेले.
बाराव्यानंतर कॅलेंडरची पानं उलटली :
डिसेंबरपर्यंतचे गोल काढून ठेवलेले.
शेवटचे थोडे थरथरलेले.
ऑगस्टमधला एक चुकलेला,
विसाव्या दिवसावर.

त्या दिवशी मी गेले.
सिस्टरने कार्ड बघितलं, चष्मा वर करून पुन्हा बघितलं.
"एक दीस आदीं आयलें गो?"
"हो," म्हटलं. "आजच दे."
ती काही विचारणार होती.
मग बाटली तळव्यात घोळवू लागली.