निंदणी

सरकारी भाषेत ह्याला निंदणीकरण म्हणतात,
मुदत संपलेले कागद उपटून काढणं.
ज्या कारकुनानं हा शब्द पहिल्यांदा लिहिला
त्याचे पाय कधीतरी चिखलात होते, एवढं नक्की.

माझी आई निंदायची, घणसोलीच्या खारीत,
बांधापलीकडे उधाणाचं पाणी डुचमळत असताना.
भातासारखंच दिसणारं एक गवत असतं, ती म्हणायची,
डोळा फसतो. बुडाशी धरून बघ.

कोर्ट नाक्याजवळ, तळमजला, खोली नऊ.
अ लाल रुमालात, कायम.
ब हिरव्यात, तीस वर्षं.
क पिवळ्यात. ड पांढऱ्यात, एक वर्ष,
मग समिती, पंचनामा, टेम्पो, लगदा.
माझ्या निवृत्तीला सात महिने आहेत.
रुमालाची गाठ मी अजून भाऱ्याची मारते,
एका ओढीत सुटणारी.
साहेबांना ती सैल वाटते.

मंगळवारी एक पांढरा रुमाल सोडला.
कसर लागलेली, मांडीवर पिठासारखा चुरा.
आत रजेचे अर्ज, खडू-फडक्याची बिलं,
भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करण्याची परवानगी,
आणि त्यांच्यात, चुकून किंवा मुद्दाम,
एक पान:

पोशी जोमा मढवी, राहणार तळवली.
सर्व्हे नंबर एक्केचाळीस, हिस्सा तीन.
अर्ज करते की, ताबा घेण्यास हरकत नाही.
भात पोसवलं आहे. महिनाभर द्यावा.
सप्टेंबरची नऊ तारीख. निशाणी अंगठा.
समासात हिरवी शाई: पाहिले. दप्तरी दाखल.
खाली जानेवारीची चार.

मी उठून पंखा बंद केला.
कागद उडत नव्हता, तरीही.

स्कॅनिंगला कौशाचा अझीम असतो,
ठेक्यावर, पानामागे पैसे.
त्यानं काचेवर पान ठेवलं. पडद्यावर लख्ख आलं,
जरा जास्तच लख्ख.
अंगठा नव्हता.

'मशीन डाग काढतं ना, मॅडम, आपोआप.
चहाचे, गंजाचे, शाईचे.'
'तो डाग नाही.'
'मग?'
'सही आहे.'

तो काही बोलला नाही. कुठेतरी आत जाऊन
एक खूण काढून टाकली,
पान पुन्हा काचेवर पालथं घातलं.
अंगठा आला, काळा, थोडा तिरका,
शाई जास्त झालेली, जसा कुणी दुसऱ्यानं
तिचा हात धरून दाबला असावा.
रेषा मोजता आल्या असत्या. मी मोजल्या नाहीत.

'आधीची किती पानं झाली, अझीम?'
त्यानं बोटं मोडायला सुरुवात केली,
मग बोटं खाली ठेवली.
'अकरा हजार. ठेका मार्चला संपतो.'

दुपारी चहा आला. दोघांनीही तो
टेबलापासून लांब धरून प्यायला.
हे सगळं साठतं कुठे, मी विचारलं.
महाप्याला, म्हणाला, मोठी बिल्डिंग आहे,
खिडक्या नाहीत, आत भयंकर गार.
तिथला सर्व्हे नंबर काय असेल, मी विचारलं.
त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय.

नियमानं हे पान पन्नास वर्षांपूर्वीच
लगदा व्हायला हवं होतं.
नियम चुकीचा आहे असं मी कुठे म्हणतेय,
गवत काढलंच नाही तर भाताला जागा कुठली.
आई खार गेल्यावरही बसल्या जागी
हातानं काहीतरी उपटत असायची,
गोधडीचे धागे, चटईच्या काड्या.

पाच वाजता मी लाल रुमाल उघडला.
नोंदवहीत ओळ लिहिली: अनुक्रमांक, गाव, वर्ग अ.
वर्ग बदलण्याचा अधिकार मला नाही,
समिती विचारील, तेव्हा सांगेन.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा.

शेवटी लिहिलं:
पीक उभे.