मागच्या सीटखाली

आधी फ्यूज काढला. मग गाडी चालू केली,
पायपात उरलेलं पेट्रोल पिऊन
ती आपणच विझली.
बॅटरीची काळी वायर सोडली, चारी दारं उघडली,
कंग्राळीचा वारा आत येऊन बसला.

सीट उचलली तर खाली
चिरमुरे, केसांचा एक आकडा
आणि खानापूरचं बसतिकीट, कन्नड अक्षरं पुसट.
कोण गेलं होतं, कुणालाच आठवेना.

तवनू भावजी कामात बोलत नाहीत.
टाकीच्या तोंडावरची रिंग गंजून बसलेली.
हातोडी मागितली, मग स्वतःच नको म्हणाले,
लोखंडावर लोखंड, ठिणगी उडेल.
मी धुण्याची धोपटणी आणून दिली.

टक्. टक्.
"सावकाश," भिंतीपलीकडून गंगव्वा.
तिच्या भाषेत की आमच्या?
शब्द तोच.
रिंग बोटभर सरकली.

जुना पंप निघाला, जाळीला काळा गाळ.
नवा बसवला, वायर जोडली, चावी फिरवली.
सीटखालून दोन सेकंद गुणगुण,
मग गप्प.
भावजी हसले नाहीत.
चावी परत फिरवली, नुसतं ऐकायला.

रात्री भाकरीला पेट्रोलचा वास.
धोपटणीला तर अजून येतो,
धुण्याच्या दगडावर, ओल्या चादरींत.