कणीस, पायली, सूत

गोळीबार चौक, सत्तेचाळीस अंश.
कूलर कोरडाच घरघरतो.
मृदुला पराते चिनी गोष्ट मराठीत आणते आहे :
विझत्या ताऱ्यापाशी
भाजी पिकवणारी माणसं.

‘हे काय व्हय वं?’ बाबा विचारतात.
विज्ञानाचं अक्षर.
डावीकडे कणीस, उजवीकडे माप.
‘म्हंजे पायली.’
हो, पायलीच.

‘अन् हे?’
भास. यात बारीक सूत आहे,
शेवटाला वाकलेलं.
ही दोन अक्षरं जोडून छापायला
मध्ये काही वर्षं फार कुणी धजेना.
मासिकं मिटली.

बाबा चष्मा पुसतात.
माग विकला तेव्हा
धोटा तेवढा पेटीत ठेवलेला.

‘तुटलं नाही वं,’ बोट अक्षरावर,
‘गाठ मारली कोनं तरी.
लिव समोर.
मी पानी टाकतो कूलरात.’