ठणठणीत

माझी नोकरी काँक्रीटला थंडी देण्याची.
इथे सस्कॅचेवानच्या दक्षिणेला, जिथे नदी
पाच महिने नुसती पांढरी वाट होऊन पडते,
तिथे ही नोकरी लोकांना विनोदी वाटते.
बाहेर फुकट मिळतंय की, म्हणतात.

लोखंडी कपाटात हातभर लांबीचे ठोकळे
गोठवते, वितळवते, पुन्हा गोठवते.
दिवसाला सहा हिवाळे.
अधूनमधून एकेक बाहेर काढून
लहान हातोडीने टिचकी मारते. यंत्र आकडा देतं,
पण कान त्याआधीच सांगून मोकळा होतो:
धड असेल तर खणकन,
आतून तडकला असेल तर बद्द.
"ओरिसिया, तू डॉक्टर की घंटा विकणारी?"
वेंडेल क्लासेन दारात बूट झटकत विचारायचा.
वेंडेल म्हणजे पुलाचा मुकादम.

राख आमच्याच गावची.
बाबांनी एकतीस वर्षं त्या धुराड्याखाली काढली.
भुवयांवर, डब्याच्या झाकणावर,
ईस्टरच्या पावावरसुद्धा तीच करडी पूड.
आई म्हणायची, माझ्या संसारात साखरेहून राख जास्त.
एकदा बाबांना ती सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली:
काचेचे गोल गोल मणी, पोकळ, भरीव,
एकात एक बसलेले.
बराच वेळ डोळा लावून बसले,
मग म्हणाले, "हे मी खोकत होतो?"

राख आळशी असते.
सिमेंट तापतं, उतावळं होतं, आठवड्यात ताठ उभं राहतं.
राख बसून असते. सिमेंटने टाकून दिलेला चुना
सावकाश उचलते, त्याचा दगड करते.
अठ्ठाविसाव्या दिवशी नापास,
नव्वदाव्या दिवशी वर्गात पहिली.
आणि एक खोड: तिच्यातला न जळालेला कोळसा
आम्ही घातलेला फेस पिऊन टाकतो.
तो फेस म्हणजे न दिसणारे बुडबुडे,
पाण्याला बर्फ होताना अंग पसरायला ठेवलेली जागा.
जागा नसली तर पाणी घर फोडतं.
माझ्या थोरल्या दिराला विचारा.

पुलाची पश्चिमेची पायवाट जूनमध्ये ओतली.
पूर्वेची ऑक्टोबरच्या नऊ तारखेला,
कारण फीत कापायचा दिवस आधीच ठरला होता.
तेच सिमेंट, तीच राख, तेच हात.
वेंडेलने वर पेंढा पसरला, गोधड्या घातल्या,
तीन रात्री शेजारी ट्रकमध्ये झोपला.
मी लिहून दिलं: अजून मुरलेलं नाही,
यंदा मीठ टाकू नका.
कागद फाइलला लागला. मीठ पडलं.

मार्चमध्ये पूर्वेकडे पोपडे.
बोटाने उचलले तरी निघतील असे,
खाली खडी दात विचकून.
कॉफीच्या दुकानात निकाल लागला:
राख घातली ना, म्हणून.
राख ती राखच, तिचं काय होणार.
बाबा कोपऱ्यात पेला धरून ऐकत होते.
घरी आले, टोपी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना पुलावर नेलं.
धुराडं बंद होऊन दोन वर्षं झाली होती,
आभाळात त्याच्या जागी काहीच नव्हतं,
तरी त्यांनी आधी तिकडे पाहिलं.
मग पूर्वेच्या पायवाटेवर काठी आपटली.
बद्द.
रस्ता ओलांडला, मी धरलेला हात सोडवून घेत.
पश्चिमेला आपटली.
खण.
पुन्हा एकदा, जरा पुढे. खण.
"ठणठणीत आहे," ते म्हणाले, मला नाही,
बहुधा त्या दुकानाला.

वारा कान कापत होता. मी गाडीकडे निघाले,
मागे वळून हाक मारणार होते,
पण ते एकेका पावलाला काठी आपटत
पलीकडच्या काठापर्यंत चालले होते,
आणि वेंडेलचा ट्रक
त्यांच्या मागून, भोंगा न वाजवता,
अगदी हळू.