ठसा अस्पष्ट

नोटीस आली तेव्हा मी भट्टीपाशी होते.
पोस्टमन म्हणाला, सही करा.
माझ्या बोटांचा काळा चीक लिफाफ्यावर उतरला,
सिंहांच्या जरासा खाली.

सहा लाख साडेबेचाळीस हजार, रोख,
नोटाबंदीच्या महिन्यात, तुमच्या खात्यावर.
कुठून आले ते कळवावे.

दीर म्हणाला, साहेबाक जाऊन भेट,
पाच किलो दोनशेचाळीस नंबर घेऊन जा,
अख्खो गर, तुकडो नको.
मी डबा भरला. मग वाटलं, आधी लिहून तर पाहू.
रात्र जागून चार पानं लिहिली:
नवऱ्याचं दुखणं, बॉयलरचं कर्ज,
उभादांड्याच्या बायकांचे हाल,
आणि मी कशी कुणाच्या पैशाला शिवले नाही.

कुडाळला वकील आरोंदेकरबाईंच्या ऑफिसात
पंखा कुरकुरत होता.
त्यांनी चारही पानं वाचली, एकदाही वर न बघता,
मग पेन्सिलीने खोडत गेल्या.
खरं आहे, म्हणाल्या, पण विचारलेलं नाही.
हेही खरं. हेही नाही विचारलेलं.
चार पानांच्या सात ओळी उरल्या.
पोतंभर बी फोडली की गर ओंजळीत मावेल असं वाटतं,
हे मला ठाऊक, तरी
टरफलांच्या ढिगाकडे बघून जीव गलबलला.
डब्याकडे बोट करून म्हणाल्या,
आणि हा परत न्या.

तेव्हा मी लाजत वही काढली.
चहा सांडलेली, मुलाची जुनी भूगोलाची,
मागच्या बाजूने सुरू केलेली.
अडतीस नावं, पुढे रकमा.
बँकेच्या रांगेत दिवस मोडला तर मजुरी बुडते,
म्हणून ज्यांनी तांदळाच्या डब्यातल्या, उशीतल्या नोटा
माझ्या ओट्यावर आणून ओतल्या, त्या सगळ्या.
बाई पहिल्यांदा हसल्या.
एवढा वेळ हे पिशवीत ठेवून
तुम्ही मला बॉयलर सांगत होता?

प्रत्येकीचं प्रतिज्ञापत्र हवं, म्हणाल्या.
शनिवारी टेम्पोतून छत्तीस जणी कुडाळला आल्या,
जत्रेला निघाल्यासारखी अबोली माळून.
सही न येणाऱ्यांनी पॅडवर अंगठा दाबला
आणि कागदावर उमटला नुसता निळा डाग,
एकही रेष नसलेला.
नोटरी म्हणाला, परत दाबा. परत तेच.
चीक कातडी खातो.
राख लावा, तेल लावा, थोडी थोडी खातोच.
सत्यवतीने अंगठा उजेडात धरून बघितला,
म्हणाली, गो, माजो आंगठो खंय गेलो?
सगळ्या हसल्या. नोटरी हसला नाही.
आरोंदेकरबाईंनी प्रत्येक डागाखाली टाईप करून घेतलं:
ठसा अस्पष्ट. व्यवसाय, काजू सोलणे.

साहेबासमोर बाई बोलल्या.
मी विचारलं तरच, असं ठरलं होतं.
साहेबाने विचारलं, वही कुणाची?
मुलाची, म्हटलं. पुढून खाडी आणि पुळण आहे, मागून पैसे.
त्याने खरंच पुढची पानं उलटून पाहिली.

शिमगा झाल्यावर ऑर्डर आली.
छत्तीस जणींचं मान्य.
रोझलीन म्हापशाला गेलेली, पत्ता मिळाला नाही.
शेवंती कुबल वारली होती,
आणि मेलेल्या बाईला अंगठाही विचारता येत नाही.
दोघींच्या रकमेवर कर बसला.
अपील करता येईल, बाई म्हणाल्या,
पण खर्च कराहून जास्त होईल, ते मीच सांगते.
फी त्यांनी पूर्ण घेतली,
न मागता पावती दिली.

शेवंतीने जन्मात कधी इन्कम टॅक्स भरला नव्हता.
मेल्यावर भरला, माझ्या नावाच्या चलनावर.
वहीत तिच्यापुढे मी तो आकडा लिहून ठेवलाय, पेनाने.
तिचा मुलगा पैसे न्यायला येईल तेव्हा दाखवीन.
कापून घ्यायचा की नाही
ते अजून ठरलेलं नाही.