बाणाची लांबी

नैरोबीच्या कचेरीत मी बाण काढतो.
एका चौकोनात मोंबासा, दुसऱ्यात जिंजा,
मधे सरळ रेघ, टोकाला त्रिकोण.
वर निळ्या अक्षरांत: पुरवठा साखळी.
चेलिमो मॅडम म्हणाल्या, बाण जरा आखूड कर,
पानावर मावत नाही.

मग बाणातच पाठवलं मला.
म्वाचिरोच्या ट्रकमध्ये, त्याच्या शेजारच्या सीटवर.
मागे चाळीस फुटी डबा, त्यात झाकणं.
नुसती झाकणं,
खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची.
जिंजात औषध तयार, बाटल्या तयार,
खोकलाही तयार.

मलाबाच्या अलीकडे रांग लागली.
पहिल्या रात्री मी किलोमीटर मोजले,
दुसऱ्या रात्री पुढच्या ट्रकांचे लाल दिवे,
तिसऱ्या रात्री काही नाही.
म्वाचिरो टायरला टेकून पाय धूत होता
एका मगात, दोन्ही पाय.
डिझेल, पाणी, फोनची उरलेली चार टक्के बॅटरी,
सगळं पुरवून पुरवून.
लेकीशी बोलायचं तेही मोजून:
जेवलीस का. दात पडला का. ठेवतो.
पुरवठा म्हणजे देणं, असं मी शिकलो होतो.
पुरवणं हा अर्थ
कुणी चौकोनात लिहिला नव्हता.

अमोदिंग रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
चहा विकत जाते.
थर्मास खांद्याला, चपात्या प्लास्टिकच्या बादलीत.
पीठ एल्डोरेटचं, साखर मिळेल तिथली,
कोळसा कुठला, ते ती सांगत नाही.
उधारीच्या वहीत नावं नाहीत,
ट्रकांच्या नंबरप्लेटा आहेत.
विचारलं, रांग नसली तर गं?
म्हणाली, झालं होतं एकदा.
यंत्रं सरळ चालली, शिक्के पटापट पडले,
चार दिवस कुणी थांबेचना.
बादलीभर चपात्या कोंबड्यांनी खाल्ल्या,
थोरल्याची फी राहिली.
मग देवाची दया,
सर्व्हर बसला.

हे मी अहवालात कुठे लिहू?
विलंबाच्या रकान्यात?
नुकसान म्हणून, की माणूस म्हणून?

चौथ्या पहाटे गेट उघडलं, एकदम.
सगळ्या रांगेनं एकाच वेळी इंजिनं चालू केली,
धूर, हॉर्न, म्वाचिरोच्या शिव्या, चढायची घाई.
आरशात अमोदिंग दिसली,
हातात आमचे दोन पेले, नुकते भरलेले.

आता कचेरीत बाण पुन्हा काढलाय.
थोडा लांब ठेवला, तर मॅडम काही बोलल्या नाहीत,
अक्षरं बारीक केली नुसती.
झाकणं पोचली. बाटल्या बंद झाल्या असतील.
तिच्या वहीत मात्र आमच्या ट्रकच्या नंबरापुढे
ऐंशी शिलिंग मांडलेले असणार,
चार चहांचे, न प्यायलेले दोन धरून.
एवढीच माझी कडी त्या साखळीत.
अजून उघडी.